गौरी, गोळी आणि ‘बिघडलेली’ पाळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीबागेत गौरींचे मुखवटे मांडले गेले की शहरातल्या मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी दबक्या आवाजात वाढते: ‘ती पुढे ढकलायची गोळी द्या.’ पट्टी कागदात गुंडाळून मिळते, चिठ्ठी सहसा कुणी मागत नाही. अनंत चतुर्दशी उलटली की दवाखान्यात तक्रारी सुरू होतात. पाळी पंधरा दिवसांत दोनदा आली, आलीच नाही, नुसते डाग पडतायत, गाठी जातायत. आमचं म्हणणं असं, की यातल्या बऱ्याच जणींची पाळी बिघडलेली नसते, गोळीचा हिशेब चुकलेला असतो. आणि काही जणींनी ती गोळी घ्यायलाच नको होती.

गोळीचं नाव नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम. बीजकोषातून बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होतं आणि गर्भाशयाचं अस्तर त्याच्या आधारावर टिकतं. साधारण दोन आठवड्यांनी ते घटतं, आधार जातो, अस्तर सुटतं, हीच पाळी. गोळी बाहेरून तसाच आधार देते. म्हणून ती तारखेच्या ३ दिवस आधी सुरू करायची, दिवसातून ३ वेळा एकेक, शक्यतो ८-८ तासांच्या अंतराने. बंद केल्यावर सहसा २-३ दिवसांत पाळी येते.

आता पट्टीकडे बघा. तीत बहुधा १० गोळ्या असतात. समजा, पाळीची तारीख १० आहे. गौरी १२ ला येणार, १३ ला जेवणार, १४ ला जाणार. गोळी ७ तारखेला सुरू केली. ७, ८, ९ या तीन दिवसांत नऊ गोळ्या गेल्या, १० ला सकाळी दहावी घेतली आणि पट्टी संपली. तारीख तर टळली, म्हणून बाई निर्धास्त. मग १२-१३ ला, पुरण शिजत असताना, पाळी हजर! घरातले सगळे गोळीला बोल लावतात. गोळीने तिचं काम चोख केलेलं असतं. या हिशेबात ७ ते १४ असे ८ दिवस, म्हणजे २४ गोळ्या लागतात, आणि पाळी १६-१७ च्या सुमारास येते.

दुसऱ्या टोकाला, हरतालिकेच्या आधीपासून थेट विसर्जनापर्यंत गोळ्या ओढणाऱ्याही आहेत. जितके दिवस वाढवाल तितकी मध्येच डाग पडण्याची, पोट फुगण्याची, छाती दुखरी होण्याची शक्यता वाढते. गौरी अनुराधावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मुळावर जातात. तीन दिवसांसाठी पंधरा दिवस गोळ्या कशाला? (माहेरी आलेल्या लेकीला कुणी तारीख विचारत नाही, हा आमचा आगाऊ शेरा. बाकी ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न.)

उशिरा सुरुवात ही सर्रास होणारी चूक. कंबर दुखू लागली, डाग दिसला की धावपळ करून गोळी आणली जाते. तोवर अस्तराचा आधार सुटलेला असतो, त्यामुळे पाळी टळण्याची खात्री उरत नाही. स्वयंपाकाच्या गडबडीत दुपारची गोळी राहून जाते, तेव्हाही डाग पडू शकतात. दिवसातून एकदाच घ्यायच्या, औषध हळूहळू सोडणाऱ्या ‘सीआर’ गोळ्याही बाजारात आहेत. जावेच्या सांगण्यावरून त्या तीन-तीनदा घेतल्या तर डोस कुठल्या कुठे जातो. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं चालू असतील तर गोळीचा परिणाम कमी होतो. ज्यांची पाळी मुळातच अनियमित आहे, मग कारण पीसीओडी (बीजकोषांचा, संप्रेरकांच्या बिघाडाचा आजार) असो, थायरॉईड असो की झपाट्याने उतरलेलं वजन, त्यांना ‘तारखेच्या ३ दिवस आधी’ या सूचनेचा काहीच उपयोग नाही. तारीखच माहीत नसते.

गोळी थांबवल्यावर आलेला रक्तस्राव नेहमीपेक्षा जास्त असू शकतो. त्याचा पहिला दिवस हा नव्या चक्राचा दिवस १. वरच्या उदाहरणात पुढची पाळी १६-१७ पासून मोजायची, जुन्या १० तारखेपासून नाही. इथेच निम्मा घोळ होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जुन्या तारखेला केलेली खूण तशीच असते आणि आठवडाभर पाळी ‘लांबली’ म्हणून घर काळजीत पडतं. पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवस हे अंतर सर्वसाधारण मानतात, रक्तस्राव ८ दिवसांपर्यंत. एखादं चक्र मागेपुढे झालं तर धावपळ नको. लागोपाठ तीन बिघडली तर तारखा लिहून डॉक्टरांकडे न्या. गोळी थांबवून १० दिवसांत पाळी आली नाही, तर मात्र सकाळच्या पहिल्या लघवीची गर्भचाचणी करा. पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक नाही. गैरसमज फार आहे.

आता कुणी घेऊ नये ते. या औषधाचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि त्यामुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पूर्वी पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झालेली, लकवा किंवा हार्ट अटॅक येऊन गेलेला, यकृताचा गंभीर आजार, स्तनाचा कर्करोग, डोळ्यांपुढे झगमगाट होऊन उठणारी अर्धशिशी, यांपैकी काहीही असेल तर ही गोळी परस्पर घेऊ नये. लठ्ठपणा आणि सिगारेट यांनीही धोका वाढतो. काही जणींना डॉक्टर मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हा वेगळा पर्याय देतात. गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर गोळी बंद करून तडक रुग्णालय गाठावं. यात्रेच्या बसमध्ये दहा-बारा तास बसून राहणाऱ्यांनी हे जास्त ध्यानात ठेवावं.

याहून आम्हाला खटकतो तो चाळिशीच्या पुढचा वापर. अंगावरून जास्त जातंय, म्हणून तीच उरलेली पट्टी काढली जाते. रक्त थांबतं, आणि कारणही झाकलं जातं. फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), अस्तराची अनावश्यक वाढ, क्वचित कर्करोग, काहीही असू शकतं. तासाला एक पॅड भिजत असेल आणि हे सलग दोन तास चाललं असेल, दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडत असतील किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका. हिमोग्लोबिन तपासा, १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. पाळी जाऊन १२ महिने झाल्यावर एकदा जरी डाग दिसला तरी तपासणी हवीच. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं तर बहुधा त्याचा तुकडा काढून तपासतात. पाळी परत सुरू झाली, तब्येत सुधारली, असं समजून पेढे वाटायची ही गोष्ट नव्हे.

७२ तासांच्या गोळीबद्दल, म्हणजे संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या तातडीच्या गोळीबद्दल, दोन ओळी. त्यातलं लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमही पुढची पाळी सहसा आठवडाभर अलीकडे-पलीकडे सरकवतं. आठवड्याहून जास्त उशीर झाला तर गर्भचाचणी करावी. एकाच महिन्यात ती दोन-तीनदा घेणारीला आपल्या तारखेचा अंदाज लागणं अवघडच.

शहरातल्या औषधविक्रेत्यांना आमची विनंती आहे. नॉरएथिस्टेरॉनच्या पट्टीवरची लाल रेघ शोभेची नाही, ती चिठ्ठीसाठी आहे. चिठ्ठी नसेल तर बाईला जवळच्या महापालिकेच्या दवाखान्याची वाट दाखवा. चिठ्ठी असेल तरी तीन प्रश्न विचारा: शेवटची पाळी कधी आली, पूर्वी गुठळी किंवा वरचा कुठला आजार झाला होता का, मधल्या दिवसांत अंगावर रक्त दिसतं का. आणि ज्या कागदात पट्टी गुंडाळता, त्याच कागदावर गोळी सुरू करायची तारीख, शेवटच्या गोळीची तारीख आणि एकूण गोळ्या किती, हे पेनाने लिहून द्या.

आपले,
स्त्री-आरोग्य क्षेत्रातील काही डॉक्टर व परिचारिका, पुणे