जॉन हडसनची गोष्ट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू रोज निरीक्षणगृहातल्या पोरांमध्ये असतोस, म्हणून हे तुलाच लिहावंसं वाटलं. काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. पण त्याच्या कितीतरी आधी इंग्रजांनी स्वतःचीच पोरं समुद्रापार धाडली होती. १७८८ ते १८६८ या काळात सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात गेले. त्यातला एक काही केल्या डोक्यातून जात नाही.

जॉन हडसन. लंडनमध्ये अधूनमधून धुराडी साफ करणारा पोरगा. एका घरात शिरून सदरा, रेशमी मोजे, पिस्तूल आणि दोन एप्रन लांबवल्याचा आरोप. घरमालकाला टेबलावर काजळीच्या पावलांचे ठसे दिसले होते. डिसेंबर १७८३ मध्ये ओल्ड बेलीच्या कोर्टात त्याला वय विचारलं. "नववं चालू आहे." आईबाप? "मेले." कधी? "माहीत नाही."

एवढं ऐकूनही सात वर्षं हद्दपारी! अमेरिकेला निघालेल्या जहाजावर कैद्यांनी बंड केलं, पोरगा पुन्हा पकडला गेला, मग प्लिमथजवळच्या तरंगत्या तुरुंगात वर्षं काढली. १७८८ मध्ये सिडनीला उतरला तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा होता. पुढे नॉरफोक बेटावर रवानगी. तिथे १७९१ मध्ये रात्री नऊनंतर झोपडीबाहेर सापडला म्हणून पन्नास फटके. त्यानंतर कागदोपत्री त्याचा पत्ताच नाही.

लोक सांगतात ती मेरी वेडची गोष्ट. लहान मुलीचे कपडे हिसकावले म्हणून तिला फाशी सुनावली होती, ती माफ होऊन हद्दपारी झाली. ती म्हातारी होऊन वारली, तिच्या वंशातला केव्हिन रड ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला. म्हणजे शेवटी भलंच झालं, असा सूर असतो. मला तो अजिबात सहन होत नाही. हडसनचं काय?

टास्मानियात पोर्ट आर्थरजवळ पॉइंट प्यूअरला १८३४ ते १८४९ खास मुलांचा तुरुंग होता. जवळजवळ तीन हजार पोरं तिथून गेली. सराईत गुन्हेगारांपासून त्यांना वेगळं ठेवायचं, सुतारकाम, चांभारकाम, दगड घडवणं शिकवायचं, हा विचार चांगलाच होता. पण चुकलं की छडी, नाहीतर अंधारकोठडी. घर मात्र अर्ध्या जगापलीकडे.

तुला एक विचारायचंय. तुमच्याकडे नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याच्याशी कोण बोलतं? आईबाप नाहीत म्हणाला, तर पुढे काय करता? सविस्तर लिही.

तुझा,
विनय