डेअरीतली फॅट आणि तुझा रिपोर्ट

ता. खानापूर, जि. बेळगाव
नागपंचमीनंतरचा रविवार

चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

डब्यात पंचमीचे लाडू आहेत. वरचे शेंगदाण्याचे, खालचे तिळाचे, आणि त्याखाली पेपरच्या घडीत हे पत्र. फोनवरच बोललो असतो, पण तुझ्या खोलीत आणखी दोन मुली असतात. परवा रात्री तू हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून दबक्या आवाजात रडत होतीस, ते मला सहन झालं नाही. तुला नीट सांगता येईना, मला नीट बोलता येईना, आणि तुझी आई शेजारी उभी राहून 'काय म्हणतेय, काय म्हणतेय' करत होती. म्हणून आज सकाळचं दूध संपल्यावर डेअरीतच बसून लिहितोय.

तू पाठवलेले दोन्ही रिपोर्ट मी मोबाईलवर मोठे करून चार-चार वेळा वाचले. गेल्या वर्षी व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या एचआयव्हीच्या विषाणूंच्या आकड्याच्या, पुढं 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे विषाणू सापडला नाही, असं होतं, यंदा ३८० आलाय. सीडी फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, ८१२ होता, तो ५९० झालाय. तू म्हणालीस, "अप्पा, आता माझंही सुरू झालं." काय सुरू झालं ते तू बोलली नाहीस, पण मला कळलं. माझे २००७ चे दिवस तू चार वर्षांची असताना बघितलेस. मी खाटेवर होतो आणि तू उशाशी बसून माझ्या हाताची हाडं मोजायचीस.

आधी सीडी फोरचं बोलतो. तो तू बाहेरच्या लॅबमध्ये पैसे भरून काढलास. व्हायरल लोड दाबलेला असला आणि सीडी फोर ३५० च्या वर टिकून असला की आपल्या गोळ्या देणाऱ्या सरकारी सेंटरवर तो पुन्हा पुन्हा काढतच नाहीत. कारण त्यातून नवं काही कळत नाही, माणसाला घोर मात्र लागतो. त्याच कागदावर खाली एक टक्का छापलाय, तो तू बघितलास का? गेल्या वर्षी ३१ टक्के, यंदा ३०. म्हणजे तुझ्या रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पेशींत सीडी फोरचा वाटा होता तेवढाच आहे. सगळ्या लिम्फोसाइटच त्या दिवशी कमी भरल्या, म्हणून आकडाही खाली आला. महिन्याभरापूर्वी तुला चार दिवस ताप होता आणि त्यातून उठल्यावर दोन आठवड्यांच्या आत तू रक्त दिलंस. तापानं, सर्दीनं, जागरणानं, लस घेतल्यानं हा आकडा हलतो. सकाळी कमी असतो, संध्याकाळी वाढतो. टक्का त्या मानानं जागेवर राहतो. तू लहान होतीस तेव्हा डॉक्टर आकड्याकडं बघायचेच नाहीत. पाच वर्षांखालच्या पोरांचा टक्काच धरतात. तुझा तेव्हा १४ होता. मी ते 'चौदा' अजून विसरलेलो नाही.

तुला आठवत असेल, सुट्टीत तू डेअरीत यायचीस आणि मशीनवर लाल आकडे उमटताना बघत बसायचीस. वीस वर्षं मी रोज दोन वेळा दुधाची फॅट काढतोय. एकाच म्हशीचं दूध सकाळी ६.४ लागतं, संध्याकाळी ७ च्या वर जातं. चारा तोच, धार काढणारा हात तोच. कॅन नीट ढवळला नाही आणि वरचं दूध घेतलं तर फॅट जास्त, तळाचं घेतलं तर कमी. एकाच बाटलीतलं दूध दोनदा मशीनला लावलं तरी पॉइंट-दोन पॉइंट इकडंतिकडं होतात. फॅट पडली म्हणून कुणी बाई भांडायला आली की मी दहा दिवसांची वही उघडतो आणि तिच्यापुढं ठेवतो. सलग घसरत असेल तर म्हशीला काहीतरी होतंय, जनावरांच्या डॉक्टरला बोलवायचं. एका दिवसाच्या फॅटवरून आजपर्यंत कुणी म्हैस विकलेली नाही.

हे सगळं कळत असूनही तुझा रिपोर्ट बघताना माझाही हात थरथरला. ते का, ते तुला सांगायला पाहिजे. रिपोर्टची ही भीती तुला आमच्याकडून आलीय.

मला टीबी झाला तेव्हा माझा सीडी फोर ९४ होता. सरकारी फुकट गोळ्या २००४ पासून मिळायला लागल्या होत्या, पण तेव्हा २०० च्या खाली आलेल्यांनाच मिळायच्या, नाहीतर दुखणं फार वाढलेलं लागायचं. मला लगेच मिळाल्या. तुझ्या आईचा ४१२ आला आणि तिला सांगितलं, सहा महिन्यांनी या. त्या बाईनं पुढची चार-पाच वर्षं दर सहा महिन्यांनी सिव्हिलला जाऊन आकडा आणला. ४१२, ३८८, ४३०, ३६१, ४०५. वाढला की ती शिरा करायची आणि तुला म्हणायची, "बघ, आई बरी आहे." कमी झाला की त्या रात्री चूल तशीच. तू चुलीकडं बघून ओळखायचीस, आज कुठला कागद आलाय. पुढं गोळी मिळायची ती रेघ २०० वरून ३५० वर नेली, तिचा ३१८ निघाला, मग तिलाही गोळ्या सुरू झाल्या. २०१७ साली रेघच पुसली. एचआयव्ही निघाला की आकडा काहीही असो, गोळी द्यायची. पण तोपर्यंत आकडा म्हणजे आमच्यासाठी फाटक होतं, आणि आम्ही जन्मभर त्या फाटकाकडं बघत राहिलो. व्हायरल लोड सगळ्यांचा काढायला लागले ते २०१८ पासून. त्याआधी औषध लागू पडतंय की नाही हे कळायला आमच्याकडं हा सीडी फोर सोडला तर काही नव्हतं.

तुझ्यापुढं आम्ही ती चूल विझवायला नको होती, बाळ. त्याचं मला वाईट वाटतं.

आता ३८० चं. हा आकडा सोडून द्यायचा नाही आणि त्याला घाबरूनही जायचं नाही. गोळ्या चालू असताना व्हायरल लोड मधेच थोडा वर येतो आणि पुढच्या वेळी पुन्हा सापडत नाही, याला डॉक्टर ब्लिप म्हणतात. आपल्या सरकारी नियमात १,००० च्या वर गेला तरच औषध कमी पडतंय का ते बघायला घेतात. तेव्हाही लगेच गोळी बदलत नाहीत. काउन्सेलर तीन महिने पाठपुरावा करते, मग पुन्हा रक्त घेतात. तू त्या रेघेच्या पुष्कळ खाली आहेस. तरी गेल्या वर्षी काहीच सापडलं नव्हतं आणि यंदा सापडलंय, म्हणून डॉक्टरांना दाखवायचं आणि पुन्हा तपासणी कधी करायची ते विचारायचं.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, मलप्रभेचं पाणी रस्त्यावर आलं, बस बंद झाल्या. माझ्या डबीत दोनच गोळ्या उरल्या होत्या. आठ दिवस आधी जायला पाहिजे होतं, मी आज जातो, उद्या जातो करत बसलो. चार दिवस गोळीशिवाय गेले. आणि त्याच्याही आधी मी रात्रीची गोळी अधूनमधून चुकवत होतो, कारण ती तेव्हाची गोळी घेतली की चक्कर यायची आणि पहाटे डेअरी उघडायला उठवायचं नाही. पुढच्या तपासणीत माझा व्हायरल लोड २,४०० आला. काउन्सेलर बाईंनी विचारलं, गोळी चुकली का? मी 'नाही' म्हणालो. टेबलावर माझ्या गोळ्यांच्या नोंदींचं हिरवं पुस्तक, शेजारी तुझी आई, आणि मी खोटं बोललो. मला लाज वाटली. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या महिन्यात मी एकटाच गेलो आणि सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही 'नाही' म्हणून गेला असता तर आम्ही औषधालाच दोष दिला असता आणि चांगली चालणारी गोळी बदलून बसलो असतो. तीन महिन्यांनी माझा आकडा पुन्हा दबला. पुढं गोळीही बदलून आली, डोल्युटेग्राव्हिरची, तीच तू घेतेस.

म्हणून तुला विचारतो, आणि रागावणार नाही. परीक्षेच्या दिवसांत, खोलीतल्या मुली समोर असताना, गोळी चुकली का? चुकली असेल तर आम्हाला सांगितलं नाहीस तरी चालेल, काउन्सेलरना सांग.

आणि एक विचारायचं राहिलं होतं. रक्त कमी आहे म्हणून तुला लोहाच्या गोळ्या दिल्यात ना? तू म्हणालीस, सकाळी उपाशीपोटी दोन्ही गोळ्या एकदम घेऊन पळते. मी काल आपल्या काउन्सेलरना फोन केला. त्या म्हणाल्या, लोह किंवा कॅल्शियम उपाशीपोटी त्या गोळीबरोबर घेतलं तर डोल्युटेग्राव्हिर अंगात नीट मुरत नाही. दोन्ही एकदम घ्यायच्या तर जेवणाबरोबर घ्यायच्या. नाहीतर आपली गोळी आधी, मग दोन तासांनी लोहाची. लोहाची आधी घेतली गेली तर सहा तास थांबायचं. पित्ताच्या पातळ औषधाचं जरा वेगळं आहे, ते जेवणाबरोबरही एकत्र चालत नाही, तिथं हे तास पाळायचेच. ३८० यामुळंच आला असं मी म्हणत नाही. पण डॉक्टरांना हे नक्की सांग, कारण सेंटरच्या पुस्तकात लोहाची गोळी लिहिलेलीच नसणार, ती तुला दुसरीकडून मिळालीय. आजपासून ती दुपारच्या जेवणानंतर घे.

तुझ्या त्याच रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, ०.७ वरून ०.९ दिसतंय. तुझ्या आईचंही नवीन गोळी सुरू झाल्यावर तेवढंच सरकलं होतं. या गोळीनं किडनीला काही न होताही तो आकडा थोडा वर बसतो. तरी टेनोफोव्हिर हे दुसरं औषध सोबत असल्यामुळं डॉक्टर त्यावर लक्ष ठेवतात, तेही विचारून घे.

बाहेरच्या लॅबमध्ये पुन्हा जाऊ नकोस. तिथलं मशीन वेगळं, सेंटरचं वेगळं, दोन आकडे शेजारी ठेवून तू पुन्हा रात्रभर जागशील.

घरी तुझी निळी फाईल मी काल काढली. २००७ पासूनचे सगळे कागद लावले. चौदा टक्क्यांपासून सुरुवात, मग १९, २२, मधेच २०, मग २६. त्या विसाच्या कागदावर तुझ्या आईनं मागं पेन्सिलीनं लिहिलंय, 'कांजिण्या'. तेव्हा आम्ही दोन दिवस जेवलो नव्हतो. पुढचा कागद उलटला की २६ आहे.

लावणी संपलीय. पाऊस कमी झाला की शनिवारी तुझी आई तिकडं येतेय, बायकांना बसचं तिकीट नाही म्हणून ती आता कुठंही निघते. सोमवारी तुझ्याबरोबर सेंटरला येऊ का विचारतेय. तुला चालत असेल तरच ये म्हण. तू एकटी गेलीस तरी तिला वाईट वाटणार नाही, मी समजावीन.

डबीत किती गोळ्या उरल्यात ते मोजून मेसेज कर. नुसता आकडा टाक, बाकी काही लिहू नकोस. आणि लाडवाचा डबा आईबरोबर परत पाठव, तूप ठेवायला तिला तोच लागतो.

तुझे,
अप्पा