उजव्या कमांडबद्दल आभार, दादा

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरवरच्या तुमच्या दुकानात त्या संध्याकाळी गर्दी होती, मनासारखं बोलता आलं नाही. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझ्यासारखंच न दिसणारं आणि मॅकबुकवर विंडोज वापरताना अडलेलं आणखी कुणी ते ऐकेल.

ऑफिसने दिलेला लॅपटॉप मॅकबुक, आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं. म्हणून मॅकच्या आतच विंडोज चालवू देणारं व्हीएमवेअर फ्यूजन, त्यात विंडोज आणि तिथे पडद्यावरचं वाचून दाखवायला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर. त्याच्या बहुतेक आज्ञा इन्सर्ट धरून द्यायच्या असतात. खिडकीचं नाव ऐकायचं तर इन्सर्ट आणि टी, वेळ ऐकायची तर इन्सर्ट आणि एफ12, सलग वाचायला इन्सर्ट आणि खालचा बाण. मॅकबुकला मात्र इन्सर्टचं बटणच नाही! कॅप्स लॉक वापर, असं सगळे सांगत. पण मॅक कॅप्स लॉककडे चालू-बंद करायचं बटण म्हणून बघतो. आपण ते धरून ठेवलंय हे आतल्या विंडोजपर्यंत नीट पोचत नाही. मध्येच अक्षरं कॅपिटल पडायची, पासवर्ड नाकारला जायचा, आणि कारण कळायचं नाही.

तुम्ही लॅपटॉपला हात लावण्याआधी म्हणालात, "ताई, काम करताना तुमची बोटं कुठे असतात ते आधी दाखवा." दादा, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. स्पेसबारच्या उजवीकडची कमांड ही कळ माझ्या अंगठ्याखाली येते, हे तुम्ही त्यातूनच हेरलंत.

मग विंडोजमध्ये एका कळीला दुसरीचं काम देणारं शार्पकीज हे मोफत सॉफ्टवेअर टाकलंत आणि त्यात मलाच ती कळ दाबायला लावलीत. विंडोजला ती उजवी विंडोज की म्हणून पोचत होती. तिची इन्सर्ट केलीत, आणि उजव्या ऑप्शनची ॲप्लिकेशन्स की, म्हणजे राइट क्लिकचा मेनूही हाताशी आला. पडद्यावरचं प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचलंत, पण बटणं माझ्याच हातांनी दाबून घेतलीत. त्यामुळे उद्या विंडोज नव्याने टाकावं लागलं तरी मी हे एकटीने करू शकेन.

हा बदल रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या नोंदीत, स्कॅनकोड मॅप या नावाखाली लिहिला जातो आणि एकदा रीस्टार्ट केलं की मागे कुठला प्रोग्राम चालू ठेवावा लागत नाही, हे तुम्ही सांगितलंत. त्याची खरी किंमत घरी कळली. विंडोजच्या लॉगिनच्या पडद्यावरही माझी इन्सर्ट चालते, आणि मॅकमध्ये उजवी कमांड कमांडच राहिली आहे. सलग वाचनासाठी आता एकच हात पुरतो, डावा हात ब्रेलच्या कागदावर मोकळा.

एनव्हीडीए 2006 साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केलं आणि आजही ते मोफत आहे. तुम्हीही पैसे घेतले नाहीत. ते मला पटलेलं नाही. पुढच्या वेळी घ्यावेच लागतील.

सिडकोतल्या एका कॉलेजच्या मुलाची हीच अडचण आहे. त्याला तुमच्याकडे पाठवतेय.

तुमची,
इंदिरानगरची ताई