लोणावळा उपनगरीय, मग दौंड का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याच्या रेल्वे प्रवाशांबद्दल आपल्या वृत्तपत्रातून वेळोवेळी लिहिले जाते. त्यात अपुऱ्या फेऱ्या, उशिरा धावणाऱ्या गाड्या आणि गर्दी यांची दखल आवर्जून घेतली जाते. मात्र एखादा मार्ग उपनगरीय धरायचा की नाही, हे कोणत्या कसोटीवर ठरते, हा त्यामागचा प्रश्न फारसा चर्चेत येत नाही. पुणे–दौंड मार्गावरील प्रवाशांच्या बहुतेक तक्रारी शेवटी याच प्रश्नापाशी येऊन थांबतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पुणे–लोणावळा मार्गावर १९७८ मध्ये लोकल सुरू झाली आणि सुमारे ६४ किलोमीटरचा हा पट्टा उपनगरीय म्हणून ओळखला जाऊ लागला. दुसऱ्या बाजूला दौंड पुण्यापासून सुमारे ७६ किलोमीटरवर आहे. त्या मार्गाचे विद्युतीकरण होऊन २०१७ मध्ये तेथे डेमू (डिझेलवर चालणाऱ्या) गाड्याही सुरू झाल्या, पण उपनगरीय दर्जा मात्र आजतागायत मिळालेला नाही. अंतर जास्त आहे म्हणावे, तर मुंबईची लोकल कसाऱ्यापर्यंत आणि डहाणू रोडपर्यंत, म्हणजे १२० किलोमीटरच्या आसपास जाते आणि ते दोन्ही मार्ग उपनगरीयच आहेत. शहराची हद्द हा निकष म्हणावा, तर चित्र अगदीच उलटे दिसते. दौंडच्या वाटेवरचे हडपसर हे पुण्याचेच उपनगर आहे. त्यापुढची मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये महानगरपालिकेत आली. लोणावळ्याला तर स्वतःची नगरपरिषद आहे आणि ते घाटमाथ्यावरचे स्वतंत्र गाव आहे. लोणावळ्याचा दर्जा काढून घ्यावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. ज्या कसोटीवर तो दिला गेला तीच कसोटी पूर्वेकडेही लावावी, एवढीच मागणी आहे.

हा दर्जा केवळ कागदोपत्री असता, तर त्यासाठी पत्र लिहिण्याची गरज पडली नसती. उपनगरीय गाडीचे किमान भाडे ५ रुपये आहे, तर साध्या पॅसेंजर गाडीचे १० रुपये. करोनाच्या काळानंतर देशभरातील पॅसेंजर गाड्या ‘विशेष’ किंवा ‘एक्स्प्रेस’ म्हणून चालवल्या गेल्या, तेव्हा हेच किमान भाडे ३० रुपयांवर गेले आणि ते पूर्ववत व्हायला २०२४ चा फेब्रुवारी महिना उजाडावा लागला. त्या संपूर्ण काळात उपनगरीय मार्गांच्या भाड्याला धक्का लागला नाही. दर्जा असणे आणि नसणे यांतला फरक रोज कामाला जाणाऱ्या माणसाच्या खिशाला किती जाणवतो, हे सांगायला याहून वेगळा दाखला नको.

गाडीचा प्रकार आणि फलाट यांचाही या दर्जाशी जवळचा संबंध आहे. लोकलच्या डब्याला पायऱ्या नसतात, त्यामुळे तिला सर्व स्थानकांवर उंच फलाट लागतात. डेमू आणि मेमू (विजेवर चालणाऱ्या) गाड्यांना पायऱ्या असतात, म्हणून त्या कमी उंचीच्या फलाटावरही चालवता येतात. पूर्वेकडच्या एखाद्या लहान स्थानकावर सकाळी उभे राहून पाहावे. एका हाताने दाराचा दांडा धरून, दुसऱ्या हातातली भाजीची पाटी आतल्या माणसाकडे देत वयस्कर बायका त्या उभ्या पायऱ्या चढत असतात आणि त्यांच्या मागे कॉलेजची मुले आपली पाळी येण्याची वाट पाहत खोळंबलेली असतात. गाडी मिनिटभरच थांबते. मार्ग उपनगरीय नाही म्हणून फलाट उंच करण्याची निकड कोणाला वाटत नाही आणि फलाट उंच नाहीत म्हणून लोकल आणता येत नाही, अशा फेऱ्यात हा मार्ग अडकून पडला आहे.

मार्गांच्या नावांबाबतही आपल्याकडे असाच ढिलेपणा आहे. मुंबईत ‘पश्चिम’ आणि ‘मध्य’ ही नावे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या रेल्वेच्या झोनवरून रूढ झाली, तर ‘हार्बर’ हे नाव बंदराच्या परिसरावरून आले. ती सर्वस्वी काटेकोर आहेत असे नाही. मध्य रेल्वेच्या हार्बर गाड्या माहीमच्या पुढे पश्चिम रेल्वेच्या हद्दीतून गोरेगावपर्यंत जातात. तरीही ‘हार्बर’ म्हटले की गाडी कोणत्या वाटेने जाणार हे नवख्या माणसालाही लगेच समजते. पुण्यात मात्र ‘लोणावळा लोकल’ हे नाव शेवटच्या स्थानकावरून आणि ‘दौंड डेमू’ हे गाडीच्या इंजिनावरून पडले आहे. काही लोकल पुण्याऐवजी शिवाजीनगरहून सुटतात, त्यामुळे ‘पुणे–लोणावळा’ हे वर्णनही त्यांना पुरते लागू पडत नाही. मेट्रोने पहिल्यापासून आपल्या मार्गिकांना रंग आणि क्रमांक दिले, तेव्हा रेल्वेलाही हे अवघड नसावे.

या पट्ट्याकडे लोणावळा–पुणे–दौंड असा एकच सलग मार्ग म्हणून पाहिले, तर नियोजनाची दृष्टीच बदलेल, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आज चिंचवड किंवा पिंपरीहून हडपसरला कामाला जाणाऱ्यांना पुणे स्थानकावर उतरून दुसरी गाडी धरावी लागते, कारण वेळापत्रक आखताना हे दोन वेगळे मार्ग धरले गेले आहेत. साताऱ्याच्या दिशेला फुरसुंगी, सासवड रोड या स्थानकांभोवती वस्ती वाढते आहे. तिथेही हा प्रश्न लवकरच उभा राहील.

पुणे–लोणावळा दरम्यान तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेची तयारी चालू असताना हे ठरवून टाकण्याची संधी आहे. रोजच्या पासधारकांची संख्या, स्थानकांमधील अंतर आणि महानगर प्रदेशाची हद्द यांच्या आधारे उपनगरीय मार्गाची लेखी व्याख्या रेल्वे मंडळाने जाहीर करावी आणि दौंड मार्ग त्या व्याख्येत बसतो की नाही याचे उत्तर कारणांसह द्यावे. पुणे विभागाने तोपर्यंत निदान हडपसर ते दौंड दरम्यानच्या फलाटांची उंची वाढवण्याचे काम स्थानकनिहाय वेळापत्रक देऊन हाती घ्यावे. आपल्या वृत्तपत्राने या दोन्ही मागण्यांचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
मांजरी बुद्रुक, पुणे