बल लिहिण्याआधी निरीक्षक ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बसने ब्रेक मारला की उभा प्रवासी पुढे फेकला जातो, कारण त्याच्यावर 'जडत्वाचं बल' लागतं, असं उत्तर अकरावीच्या वह्यांत सर्रास दिसतं आणि पुष्कळदा त्याला गुणही मिळतात. जडत्व हे बल नव्हेच. रस्त्यावर उभं राहून पाहिलं तर त्या प्रवाशाला पुढे ढकलणारं काहीही नाही. पाय बसबरोबर मंदावले, वरचं अंग आधीच्याच वेगाने जात राहिलं, एवढंच. पुढच्या दिशेचं बल लिहायचा हक्क फक्त बसमध्ये बसून हिशेब करणाऱ्याला आहे, तेही छद्म बल म्हणून, म्हणजे वेग बदलणाऱ्या बसमधून पाहताना हिशेब जुळावा म्हणून धरलेलं मानीव बल.

इंदूरच्या मराठी विद्यार्थ्याला निरीक्षकाच्या जागेची ही कल्पना मराठीत 'संदर्भ चौकट', हिंदीत 'निर्देश तंत्र' आणि कोचिंगमध्ये नुसती 'फ्रेम' म्हणून भेटते. शब्द कुठलाही चालेल, पण कोणाच्या नजरेतून पाहायचं हे ठरल्याशिवाय आकृतीला हात घालू नये.

एक गणित घ्या. पलासियाकडे ताशी ३६ किमी, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारी सिटी बस ५ सेकंदांत थांबते. तिचं त्वरण मागच्या दिशेने २ मीटर प्रति सेकंद वर्ग. वरच्या दांडीला ५० सेंमी दोऱ्याने १०० ग्रॅमचा लोखंडी नट टांगला आहे. बस एकसारख्या वेगाने सरळ चालली होती तोवर नट सरळ खाली होता. नुसत्या नटाकडे पाहून बस उभी आहे की चालू, हे सांगता येत नाही. गॅलिलिओने १६३२ साली जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण दिलं ते हेच. ब्रेक लागला की नट पुढे सरकतो.

रस्त्यावरच्या निरीक्षकासाठी नटावर बलं दोनच: दोऱ्याचा ताण आणि ०.९८ न्यूटन वजन. ताणाचा आडवा भाग ०.२ न्यूटन, मागे. त्यानेच नटाचा वेग घटतो. दोरा उभ्या रेषेशी करतो त्या कोनाचा टॅन्जंट २ भागिले ९.८, कोन सुमारे ११.५ अंश. बसमधल्या निरीक्षकाला नट स्थिर दिसतो, म्हणून तो पुढे ०.२ न्यूटनचं छद्म बल धरतो आणि बेरीज शून्य करतो. कोन तोच येतो.

घोटाळा होतो तो दोघांना एकाच आकृतीत बसवल्यावर. विद्यार्थी छद्म बल काढतो आणि समीकरणाच्या उजव्या बाजूला पुन्हा 'वस्तुमान गुणिले त्वरण' लिहितो. एकच गोष्ट दोनदा मोजली जाते, टॅन्जंट ०.४ येतो आणि कोन २२ अंश.

प्रत्यक्ष प्रयोगात याहून मोठा सापळा आहे. ब्रेक एकदम लागला तर नट ११.५ अंशांवर थांबत नाही, दुसऱ्या टोकाला जवळपास दुप्पट कोनापर्यंत जातो आणि परत येतो. कुणी ते टोक मोजलं तर चुकीचं २२ अंशांचं उत्तर बरोबर ठरल्यासारखं वाटतं! ५० सेंमीच्या दोलकाचा एक झोका सुमारे १.४ सेकंदांचा, म्हणजे ५ सेकंदांत साडेतीन झोके. मोबाइलवर बाजूने चित्रण करून दोन्ही टोकांचा मध्य काढावा. तो नटाच्या आधीच्या उभ्या रेषेपासून सुमारे १० सेंमी पुढे यायला हवा.

रस्ता तरी खरा जडत्वीय, म्हणजे स्वतः त्वरण नसलेला, आहे का, असं एखादी हुशार मुलगी विचारते, तेव्हा तिला गप्प बसवू नये. पृथ्वीच्या परिवलनामुळे इंदूर सेकंदाला सुमारे ४३० मीटर वेगाने फिरतं. त्याचं त्वरण ०.०३ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्व त्वरणाच्या ०.३ टक्के. पाच सेकंदांच्या बससाठी ते सोडून देता येतं. तासन्‌तास झुलणाऱ्या लांब दोलकात मात्र परिवलन उघड दिसतं. दिल्लीच्या नव्या संसद भवनातल्या फुको दोलकाचं (परिवलन दाखवण्यासाठी टांगलेल्या लांब दोलकाचं) झुलण्याचं प्रतल सुमारे ५० तासांत पूर्ण फिरतं. इंदूरच्या अक्षांशावर त्याला ६२ तास लागतील, म्हणजे तासाला ५.८ अंश. शहरात एखाद्या उंच जिन्याच्या मोकळ्या जागेत असा दोलक कायमचा टांगावा, ही आमची महापालिकेला आणि महाविद्यालयांना विनंती.

— भौतिकशास्त्राचे काही शिक्षक, इंदूर