मत कुठल्या पत्त्यावर?

चि. ईशास, अनेक आशीर्वाद.

कॅनडाच्या निवडणुकीत मत कॉलेजच्या किंग्स्टनला द्यायचं की घरच्या ब्रॅम्प्टनला, हे वेळेत विचारलंस ते बरं झालं. शिकायला बाहेर राहणाऱ्याने ज्या पत्त्याला आपलं घर मानलं, तो त्याचा मतदारसंघ. भारतातल्या लोकसभेसारखंच इथेही ज्याला सर्वांत जास्त मतं तो खासदार, बाकीची मतं वाया. म्हणून मतं किती यापेक्षा पडली कुठे, हे बघायचं.

लिबरल पक्षाचा इतिहासही याच नजरेने वाच. १९९३ मध्ये त्यांना १७७ जागा मिळाल्या, पण खरी गंमत विरोधकांची. सत्तेतल्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हांना देशभर विखुरलेली १६ टक्के मतं आणि जागा फक्त २. ब्लॉक केबेक्वा या क्विबेक प्रांतापुरत्या पक्षाला त्याहून कमी मतं, पण सगळी तिथलीच, म्हणून जागा ५४! २०११ मध्ये लिबरलच ३४ जागांवर आले आणि २०१५ मध्ये १८४ घेऊन परतले. २०१९ आणि २०२१ ला तर कॉन्झर्व्हेटिव्हांना मतं जास्त होती, सरकार मात्र लिबरलांचं. अल्बर्टा-सस्काचेवान प्रांतांत कॉन्झर्व्हेटिव्हांची मतं ढिगाने साचतात, त्यातली बरीच फुकट जातात. ही पद्धत बदलू, असं लिबरल नेते जस्टिन ट्रूडोंनी २०१५ ला सांगितलं होतं. २०१७ मध्ये गुंडाळलं. जिंकून देणारी पद्धत कोण बदलतो!

२०२५ ला मार्क कार्नींच्या लिबरलांना ३४३ पैकी १६९ जागा मिळाल्या. बहुमताला १७२ लागतात. त्यातली टेरबोन ही जागा फेरमोजणीत एका मताने आली, आणि तिथल्या एका मतदाराचं टपाली मत पाकिटावर पिनकोड चुकीचा छापल्यामुळे परत आलं होतं.

ब्रॅम्प्टन ठरलं तर तुला विशेष मतपत्रिका लागेल, म्हणजे आपल्या मतदारसंघाबाहेर राहून मत देता येतं ती. टपालाच्या भरवशावर राहू नकोस. किंग्स्टनच्या निवडणूक कार्यालयात अर्ज कर आणि तिथेच मत देऊन मोकळी हो. मुदत मतदानाच्या आधीच्या मंगळवारी संध्याकाळी ६ पर्यंत. कोऱ्या जागेत उमेदवाराचं नाव-आडनाव लिही, नुसतं पक्षाचं नाव लिहिलं तर मत बाद होतं. एकदा हा अर्ज केलास की मतदान केंद्रावर मत देता येत नाही.

ओळखीला लायसन्स पुरे, त्यावर ब्रॅम्प्टनचाच पत्ता आहे. किंग्स्टन ठरवलंस तर हॉस्टेलचं राहत असल्याचं पत्र आणि कॉलेजचं कार्ड, दोन्ही ने. पासपोर्ट एकटा चालत नाही, त्यावर पत्ता छापलेला नसतो.

तुझे,
बाबा