मुलगाराला पाणवठा का नको

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की आपल्याकडे वनखातं उन्हाळ्यात टँकरने पाणवठे भरतं, तसं मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात मुलगारासारख्या जीवांसाठी का करत नाहीत. मुलगाराला त्याचा काहीच उपयोग नाही, झालं तर नुकसानच. ते कसं, हे नीट लिहिते.

मुलगारा दिसायला उंदरासारखा, पण आहे कांगारूसारखा शिशुधान प्राणी, आणि पक्का मांसाहारी. वजन साधारण 60 ते 170 ग्रॅम, नर मोठा. शेपटीचा बुंधा चरबीने फुगलेला, टोकाकडे काळे केस. दिवसा वाळूतल्या बिळात राहतो. रात्री बाहेर पडून किडे, कोळी, सरडे, लहान उंदीर खातो. पाण्याचा मोठा भाग त्याला या शिकारीतूनच मिळतो, कारण मांसात निम्म्याहून बरंच जास्त पाणी असतं.

पण मांसातल्या प्रथिनांचा युरिया बनतो आणि तो लघवीतून टाकायला पुन्हा पाणीच लागतं. नट श्मिट-नील्सन आणि ए. ई. न्यूसम या शास्त्रज्ञांनी 1962 साली दाखवून दिलं की मुलगारा पाणी न पिता नुसत्या मांसावर तगतो, कारण त्याची मूत्रपिंडं अतिशय घट्ट लघवी तयार करतात. तरी एकट्या मूत्रपिंडांवर हे भागलं नसतं. बिळातली हवा गार आणि दमट, त्यामुळे श्वासातून पाणी कमी जातं. आणि भर उन्हात बाहेरच न पडल्याने अंग थंड ठेवायला पाणी खर्चावं लागत नाही. बीळ गेलं तर हा सगळा हिशेब कोलमडतो.

हिवाळ्यात पाण्यापेक्षा अन्नाची चणचण मोठी. तेव्हा तो काही तास टॉर्परमध्ये जातो, म्हणजे शरीराचं तापमान खाली सोडून देतो, अगदी 15 अंशांच्याही खाली. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे की गाभण मादीही टॉर्परमध्ये जाते. एरवी सस्तन प्राण्यांत गर्भाला सतत ऊब लागते. इथे त्या तासांत गर्भाची वाढ मंदावते, पण वाचलेली ताकद चरबी होऊन पुढे दूध पाजताना कामी येते.

आई, तू पिशवीचं विचारलं होतंस. कांगारूसारखी खोल पिशवी मुलगाराच्या मादीला नसते, पोटावर कातडीच्या दोन घड्या असतात इतकंच. मुलगाराच्या कुंचल्यासारख्या शेपटीच्या जातीत सहा स्तनाग्रं, तुरेदार शेपटीच्या जातीत आठ. जितकी स्तनाग्रं तितकीच पिल्लं जगू शकतात. ती जवळजवळ दोन महिने स्तनाला घट्ट चिकटलेली असतात. त्या काळात एखादं सुटलं तर परत लावता येत नाही, म्हणून पिल्लंवाल्या मादीला तपासताना हात फार हलका लागतो.

पाहणीसाठी अ‍ॅल्युमिनियमचे घडीचे पिंजरे लावतात. आत पीनट बटर आणि ओट्सची गोळी. ते मावळतीला उघडायचे आणि ऊन चढण्याआधी तपासून बंद करायचे, नाहीतर पत्रा तापून आतला जीव दगावतो. मुंग्यांच्या वाटेवर पिंजरा ठेवायचा नाही. अडकलेल्या प्राण्याला त्या कुरतडतात. थंडीच्या पहाटे आत मुलगारा गार आणि ताठ सापडला तर तो मेला असं धरून चालायचं नाही, टॉर्परमध्ये असू शकतो. कापडी पिशवीत हळूहळू ऊब येऊ द्यायची आणि तो नीट हालचाल करू लागला की पकडला त्याच जागी सोडायचा. आधी सोडलात तर पळता न आल्याने तो सहज कुणाच्या तोंडी जातो.

त्याचं खरं संकट दुष्काळ नाही, उघडी पडलेली जमीन आहे. स्पिनिफेक्स या काटेरी गवताच्या जुन्या, दाट झुपक्यांत तो लपतो. मोठा वणवा ते सगळं एका दमात नेतो आणि मग मोकाट मांजरं आणि कोल्हे त्याला वेचून खातात. पाणवठा केला तर मोकाट गुरं आणि उंट तिथे गोळा होतात आणि भोवतालचा झाडझाडोरा तुडवून जमीन उघडी करतात.

याचा सर्वांत भक्कम पुरावा सशांकडून आला. 1995 साली सशांचा एक घातक विषाणू दक्षिण ऑस्ट्रेलियात पसरला. ससे कमी झाले, त्यांच्यावर पोसलेली मांजरं आणि कोल्हेही घटले, आणि तुरेदार शेपटीचा मुलगारा त्यानंतरच्या वर्षांत कितीतरी मोठ्या प्रदेशात पसरला. 2017 साली तो न्यू साउथ वेल्समधल्या स्टर्ट राष्ट्रीय उद्यानात जिवंत सापडला. त्या राज्यात तोवर त्याचे जुने हाडांचे अवशेषच माहीत होते. म्हणून बाबा, पैसा खर्चायचाच तर तो ससे, मांजरं आणि कोल्हे आवरण्यावर आणि थंडीत छोटे छोटे पट्टे जाळून मोठे वणवे टाळण्यावर. मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाच्या परिसरातले मूळ रहिवासी, अनंगू लोक, हे पट्टे जाळणं पूर्वापार करत आलेत.

बाकी सर्व क्षेम. तब्येतीला जपा.

तुमची,
मनू